बोट देणारा राजा आणि आकडे लिहिणारे आम्ही

सबंध नोकरी मी तलाठ्याची केली. सातबारे लिहिले, शेतसारा वसूल केला, वाटण्यांच्या नोंदी घेतल्या, गारपिटीचे पंचनामे केले. इतिहास हा काही माझा विषय नव्हे. पण निवृत्तीनंतर रेणापूरला परतलो आणि रिकाम्या दुपारी काय करावे म्हणून वाचनालयातून जी पुस्तके आणू लागलो, त्यांत एकदा अनंत सदाशिव अळतेकरांचा राष्ट्रकूटांवरचा ग्रंथ हाती आला. १९३४ साली पुण्यात निघालेला. इंग्रजी जाडजूड, शब्दकोश शेजारी ठेवून वाचावा लागला. पहिल्याच काही पानांत आमचे लातूर भेटले आणि मग पुस्तक खाली ठेववेना.

राष्ट्रकूट म्हणजे वेरूळचे कैलास लेणे खोदवणारे घराणे, एवढे शाळेत शिकलेले होते. हे सम्राट स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी म्हणवून घेत, हे मात्र ठाऊक नव्हते. ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अळतेकरांनी साधार मांडले. राजधानी दूर मान्यखेटला, राज्य नर्मदेपासून पार दक्षिणेपर्यंत, आणि बिरुदात मूळ गाव मात्र लातूर. मुंबईत चाळीस वर्षे काढलेला माणूस आडनावापुढे गावाचे नाव सोडत नाही, त्यातलाच प्रकार.

दुसरी गंमत त्या घराण्याच्या नावाची. ग्रामकूट म्हणजे गावाचा प्रमुख आणि राष्ट्रकूट म्हणजे राष्ट्राचा प्रमुख. त्या काळी राष्ट्र हा शब्द देशाला नव्हे, आजच्या जिल्ह्यासारख्या मुलखाला लावत. तेव्हा हे घराणे मुळात महसुली अंमलदारांचे, आपल्याकडच्या देशमुखांसारखे. वसुली करता करता सिंहासनावर बसलेले. हे वाचून मला खात्यातला जुना माणूस भेटल्याचा आनंद झाला, हे कबूल करतो. या घराण्यातला ज्याचा मी गेली काही वर्षे पिच्छा पुरवतो आहे तो राजा म्हणजे पहिला अमोघवर्ष. त्याने इ. स. ८१४ ते ८७८ अशी चौसष्ट वर्षे राज्य केले.

त्याचे पाळण्यातले नाव शर्व. वडील तिसरा गोविंद हे घराण्यातले सर्वांत पराक्रमी राजे. उत्तरेची मोठी स्वारी आटोपून परतताना त्यांनी पावसाळ्यासाठी श्रीभवन येथे तळ दिला, तिथे इ. स. ८००च्या सुमारास हा मुलगा जन्मला. श्रीभवन म्हणजे आजच्या गुजरातेतले भडोच भागातले सरभोण. छावणीत जन्मलेल्या मुलाने पुढे तलवार गाजवावी अशी अपेक्षा असणार. घडले उलटेच.

वडील गेले तेव्हा मुलगा तेराचौदा वर्षांचा होता. गुजरात सांभाळणारा चुलतभाऊ कर्क याने पालक म्हणून कारभार हाती घेतला. तीनचार वर्षांत सामंत उठले, नातलग उठले, वेंगीचा चालुक्य राजा विजयादित्य टपलेलाच होता. कोवळ्या राजाला गादी सोडावी लागली. कर्काने ती परत मिळवून दिली. ८२१ सालच्या कर्काच्या ताम्रपटावरून दिसते की तोपर्यंत मुलगा पुन्हा गादीवर बसला होता. ज्याला वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत एकदा राज्य गमावून पुन्हा मिळते, त्याचा स्वभाव वेगळाच घडतो. एकतर तो क्रूर होतो, नाहीतर सावध. अमोघवर्ष सावध झाला.

लढाया त्याला चुकल्या नाहीत. वेंगीशी लढला, म्हैसूरकडच्या गंगांशी वर्षानुवर्षे झगडला, आणि उपकारकर्त्या कर्काच्याच मुलाशी, गुजरातच्या ध्रुवाशी, त्याचे वैर झाले. कोन्नूरच्या लेखात त्याचा सेनापती बंकेय याची गोष्ट येते. दक्षिणेत मोहीम ऐन रंगात असताना राजाने त्याला परत बोलावले, कारण घरातच बंड झाले होते आणि त्यात राजपुत्रही सामील असल्याचे दिसते. तीन महिन्यांत शत्रूला नमवले नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी प्रतिज्ञा बंकेयाने केली आणि पुरी केली. राजाने त्याच्या विनंतीवरून ८६० साली जैन मंदिराला गाव दान दिले.

पण गंगांचे भांडण शेवटी तलवारीने मिटले नाही. अमोघवर्षाने एक मुलगी गंगांच्या राजपुत्राला दिली, दुसरी कांचीच्या पल्लव राजाला. वडिलांनी जिंकलेला सगळा मुलूख राखण्याचा हट्ट त्याने सोडला. उत्तरेकडे त्याने फारसे पाहिलेच नाही. म्हणून काही इतिहासकार त्याला दुबळा ठरवतात. मला ते पटत नाही. वडिलोपार्जित शंभर एकरांतली साठ एकर नीट कसणारा आणि चाळीस एकरांच्या दाव्यात उरलेली साठही घालवणारा, असे दोन्ही शेतकरी मी पाहिलेले आहेत.

आता जगाकडे पाहू. ८५१च्या सुमारास सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या माहितीवरून एक वृत्तांत लिहिला गेला. त्यात पृथ्वीवरचे चार मोठे राजे सांगितले आहेत : पहिला बगदादचा खलिफा, दुसरा चीनचा सम्राट, तिसरा रूमचा, आणि चौथा हिंदुस्थानातला बल्हारा. बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचे बिरुद. त्या वर्षी त्या गादीवर अमोघवर्ष होता. लातूरचे नाव सांगणारा राजा खलिफाच्या पंक्तीला!

पंक्तीतल्या इतरांची स्थिती काय होती, तेही पाहण्यासारखे आहे. ज्या ८१४ साली हा मुलगा गादीवर आला, त्याच वर्षाच्या जानेवारीत युरोपातला शार्लमेन मेला. त्याचे राज्य ८४३मध्ये तीन नातवांत वाटले गेले. बगदादच्या खलिफांचा कारभार सगळ्यांत पद्धतशीर. खराज म्हणजे जमीनमहसूल, त्यासाठी वेगळे दिवाण, कागदावर हिशेब, रोख पगार. पण पगारी तुर्की फौज इतकी शिरजोर झाली की खलिफाला ८३६मध्ये राजधानी बगदादहून सामर्‍याला न्यावी लागली, आणि ८६१मध्ये त्याच फौजेतल्या लोकांनी खलिफाचा खून केला. पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले. चीनमध्ये तांग घराण्याने ७८० साली जमीन आणि मालमत्ता पाहून वर्षातून दोनदा कर घेण्याची सुधारणा केली होती, मिठाची मक्तेदारी होती. तरी तिजोरी पुरेना. ८४५ साली सम्राटाने चार हजार सहाशेंहून अधिक बौद्ध मठ बंद करून त्यांची जमीन आणि तांबे जप्त केले. ८७५नंतर हुआंग चाओचे बंड झाले, कँटनसारखे व्यापारी बंदर लुटले गेले, परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल झाली, आणि ९०७मध्ये ते घराणे संपले.

या सगळ्या गदारोळात मान्यखेटला तोच एक माणूस चौसष्ट वर्षे बसून होता. बल्हारा राजे दीर्घायुषी असतात, पन्नास-पन्नास वर्षे राज्य करतात, असे त्या अरब वृत्तांतात आश्चर्याने नोंदवले आहे. हा राजा अरबांप्रमाणे फौजेला नियमित पगार देतो, अरब व्यापाऱ्यांशी त्याची मैत्री आहे, हेही त्यात आहे. ही मैत्री पोकळ नव्हती. अमोघवर्षाचा पणतू तिसरा इंद्र याच्या काळचा ९२६ सालचा चिंचणीचा ताम्रपट सांगतो, की संजाण बंदराचा कारभार तेव्हा महंमद नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे होता आणि तो हिंदू मठाच्या दानाला मान्यता देत होता.

मग राष्ट्रकूटांचा कारभार खलिफांपेक्षा चांगला होता काय? तसे मी म्हणणार नाही. आपल्याच मातीतले जुने उदाहरण घ्या. सातवाहनांच्या काळी जवळच्या तेरहून, म्हणजे तगरहून, कापडाच्या गाड्या भडोचला जात, याची नोंद ग्रीक खलाशाने करून ठेवली आहे. त्या सुमारास नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लिहून ठेवले, की विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेवली आहे : दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज आणि हजारांवर पाऊण. आजच्या पतसंस्थेचा कारभारच हा. गावोगाव नाणी खुळखुळत होती. सातवाहनांची नाणी आजही ढिगाने सापडतात. राष्ट्रकूटांची नाणी जवळपास सापडतच नाहीत. लेखांत द्रम्म, सुवर्ण, गद्याण अशी नावे येतात, पण एवढ्या मोठ्या साम्राज्याची टांकसाळ मात्र हाताला लागत नाही.

याचा अर्थ राज्य गरीब होते असा नाही. अर्थ असा, की महसुलाचा मोठा भाग धान्यात यायचा आणि मोबदला जमिनीत दिला जायचा. सामंताला मुलूख, ब्राह्मणाला गाव, मंदिराला गाव. ताम्रपटांतल्या अटी वाचताना तलाठ्याचे डोळे चमकतात. गाव देताना उद्रंग आणि उपरिकर यांसह द्यायचे. हे जमिनीवरचे कर, एक मुख्य हिस्सा आणि एक वरकड, असा अर्थ अळतेकर लावतात. धान्यात आणि सोन्यात देण्याचे कर, दहा अपराधांचे दंड, आणि विष्टी, म्हणजे वेठबिगार. हे सगळे नव्या मालकाचे. आणि शेवटी, चाट-भाटांनी, म्हणजे राजाच्या शिपायांनी, या गावात पाऊल टाकायचे नाही.

ही शेवटची अट वाचून मी बराच वेळ थांबलो. दान दिलेल्या गावात शिपाई येणार नाहीत, हे मुद्दाम लिहावे लागते, याचा अर्थ बाकीच्या गावांत ते येत होते. राहत होते, जेवत होते, कोंबडी-बकरी मागत होते. जप्तीला गेलेल्या पथकासोबत मी स्वतः फिरलेलो आहे. कोणाच्या ओसरीवर चहा झाला आणि दूध कोणाच्या घरून आले, ते कुठल्याच दप्तरात लिहिलेले नसते.

गावपातळीवर ग्रामकूट होता आणि त्याच्याबरोबर महत्तर, म्हणजे गावातली वडीलधारी मंडळी. आपला म्हातारा हा शब्द आणि म्हात्रे हे आडनाव त्यांच्यावरूनच आले, असे भाषेचे जाणकार सांगतात. मान्यखेटच्या राजाची सत्ता प्रत्यक्षात या म्हाताऱ्यांच्या खांद्यावर होती. खलिफाचा कारकून खेड्यापर्यंत पोचायचा, राष्ट्रकूटांचा पोचत नव्हता. त्यामुळे बगदादला तिजोरीवर भांडणे झाली आणि फौजेने राजे मारले, तर इकडे राज्य टिकले, पण सामंत गब्बर होत गेले. ९७२ साली माळव्याच्या सीयकाने मान्यखेट लुटले आणि पुढच्याच वर्षी तैलप नावाच्या सामंताने साम्राज्य गुंडाळले. बाहेरच्याने नुसते दार फोडले, घर घेतले ते आतल्याने.

अमोघवर्षाच्या दरबारात विद्वानांची रीघ होती, हे थोडक्यात सांगतो. आदिपुराण रचणारे जिनसेन हे त्याचे गुरू. वैयाकरण शाकटायनाने आपल्या टीकेला राजाचे नाव देऊन अमोघवृत्ती म्हटले. कानडीतला आजवर सापडलेला सर्वांत जुना ग्रंथ कविराजमार्ग याच दरबारातला. त्यात कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा मुलूख कानडी म्हटला आहे. आमची रेणा नदी मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला, तेव्हा आमचे रेणापूर त्या हद्दीत येते. या राजावर कानडी लोकांचा हक्क मोठा आहे, आपलाही थोडा आहे, आणि त्यात भांडण्यासारखे काही मला दिसत नाही. मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटला तो महावीराचार्य. त्याच्या गणितसारसंग्रहात व्याजाची, भागीदारीची, खोदकामाची गणिते आहेत, आणि सुरुवातीला राजाची स्तुती. ज्याच्या दरबारात खड्ड्याची मातीही मोजायला शिकवत, तिथे वसुलीचे कारकून बरे तयार होत असतील.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

संजाणला सापडलेला अमोघवर्षाचा ताम्रपट ८७१ सालचा, राजा सत्तरीचा असतानाचा. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात सांगितले आहे, की प्रजेवर एकदा मोठे संकट आले तेव्हा राजाने आपल्या डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे अनेक अभ्यासक मानतात. संकट कोणते, दुष्काळ की साथ, हे ताम्रपटात नाही. मराठवाड्यातल्या माणसाच्या मनात अर्थातच दुष्काळ येतो. १९७२ साली सतरा वर्षांच्या वयात मी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली आहे आणि २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेले म्हातारपणी पाहिले आहे.

आजचा वाचक म्हणेल, बोट कापून पाऊस पडतो काय? नाही पडत. मीही देव्हाऱ्यापुढे एवढे रक्त सांडणाऱ्याला आवरलाच असता. पण त्या ओळींपुढची ओळ अधिक विलक्षण आहे. तिथे राष्ट्रकूटांच्या कवीने आपल्या राजाची तुलना चारपाचशे वर्षांपूर्वीच्या गुप्त सम्राटाशी केली आहे. त्या गुप्त राजाने भावाला मारून राज्य आणि राणी घेतली, आणि मग दानाच्या नावाखाली लाख आणि कोटी असे आकडे लिहवून घेतले. आमच्या राजाने मात्र स्वतःचे शरीर दिले, असा कवीचा रोख. साम्राज्यांची तुलना करण्याची आपली हौस आजची नाही, हे त्यावरून कळते. कवी पगारी होता, तेव्हा गुप्तांना न्याय मिळाला असेल असे नाही. पण कागदावर आकडे लिहवून घेणारे सरकार आणि स्वतःच्या अंगाला झळ लावून घेणारे सरकार, हा फरक त्याला अचूक दिसला होता.

आणि मला माझे आकडे आठवले. ऐंशीच्या दशकातले एक कोरडे वर्ष. गावाचे नाव सांगत नाही. खरीप पार करपलेला. पीककापणीचे प्रयोग झाले, हिशेब केला, पैसेवारी आली चव्वेचाळीस. पन्नासच्या आत आली तर गावाला साऱ्यात सूट, कर्जवसुलीला तहकुबी, पोरांची परीक्षा फी माफ. तालुक्याची सरासरी वर राहिली पाहिजे असा वरून निरोप होता. कोणाचा ते सांगून आता उपयोग नाही. निरोप तोंडी होता, सही माझी होती. मी बावन्न लिहिले. आठ पैशांचा फरक. त्या हिवाळ्यात गावातली बरीच बिऱ्हाडे ऊसतोडीला गेली. काही दरवर्षी जातच असत, हे खरे. पण त्या वर्षी प्रथमच गेलेली घरे मी मोजली होती, कारण मोजणे हेच माझे काम होते. ती अकरा होती.

माझे बोट कोणी मागितले नव्हते. बदली झाली असती, फार तर पगारवाढ अडली असती.

अमोघवर्षाने म्हातारपणी राज्य सोडले, आणि एकदा नव्हे तर अनेकदा सोडून तो व्रतस्थ राहिला, असे लेखांवरून दिसते. प्रश्नोत्तररत्नमालिका हा छोटा ग्रंथ त्याच्या नावावर आहे, आणि विवेकाने राज्य सोडलेल्या राजाने तो रचला असे त्याच्या शेवटी म्हटले आहे. तो जैन झाला होता की नाही यावर विद्वानांत वाद आहे. जिनसेनांच्या पायांवर डोके ठेवणारा आणि महालक्ष्मीला बोट वाहणारा माणूस एकाच रकान्यात बसत नाही. आमच्या घरचेच पाहा. आजी रेणुकादेवीची परडी भरायची आणि गुरुवारी दर्ग्यावर ऊदही लावायची. ८७८च्या सुमारास तो गेला आणि मुलगा दुसरा कृष्ण गादीवर बसला. बंडात नाव आलेल्या मुलालाच बापाने राज्य दिले असावे.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन मळखेडला जाऊन आलो. तेच मान्यखेट. कलबुर्गी जिल्ह्यात, सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी. पडका किल्ला, जुनी जैन बस्ती, आणि आसपास सगळीकडे फरशीच्या खाणी. तिथला दगड पाहून नातू म्हणाला की हा आपल्या घरातला आहे. खरेच होते. लातूरकडच्या निम्म्या घरांत जी शहाबादी फरशी असते, ती याच पट्ट्यातली. नदीत पाणी बेताचेच होते. किल्ल्याच्या बुरुजावर बसून मी त्याला बोटाची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, मग ते संकट टळले का? ताम्रपटात ते दिलेले नाही, असे मी सांगितले. त्याला ते आवडले नाही.

घरी आल्यावर संजाणच्या ताम्रपटाचा शेवट पुन्हा काढला. सगळी स्तुती संपल्यावर तिथे दानाचा मजकूर येतो. संजाणजवळच्या चोवीस गावांतले झरिवल्लिका नावाचे गाव चार ब्राह्मणांना दिले, आणि त्याची चतुःसीमा : पूर्वेला समुद्राकडे जाणारी नदी, बाकीच्या बाजूंना शेजारची गावे. खाडाखोड नाही, संदिग्धता नाही. कोणा अनाम कारकुनाने नीट मोजून लिहिलेले. तेवढा भाग मी दोनदा वाचला.